गोळाफेक शिकायची तर: गोळा घेण्यापासून माप टाकण्यापर्यंत

नागपुरात सकाळी सहाच्या आसपास कुठल्याही मोठ्या मैदानावर चक्कर मारा, रेशीमबाग म्हणा की मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल म्हणा, पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे दिसतातच. सगळा जीव रनिंगवर. स्टॉपवॉच लावून पळून राहिलेत, शंभर मीटरचे स्टार्ट मारून राहिलेत, आणि पार दमल्यावर, निघायच्या आधी, कोणाच्या तरी बॅगेतून गोळा काढून चार-पाच थ्रो कसेबसे टाकले की झाली गोळाफेक. अन् भरतीच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 15 मार्क गोळ्याचे आहेत, म्हणजे 100 मीटरला जेवढे तेवढेच. रनिंगमध्ये दोन सेकंद कमी करायला घाम निघतो, गोळ्यात मात्र नुसतं उभं राहणं आणि हात ठेवणं नीट केलं तरी नवख्याचा थ्रो चांगलाच पुढे सरकतो, पण तिकडं कोणी बघतच नाही.

शाळेतल्या पोरांचं आणखी वेगळं. स्पर्धा आठवड्यावर आली की पीटी सर वर्गात येतात, वजनदार पोरगा शोधतात आणि सांगतात तू गोळ्यात. मग त्या पोराची आई ग्रेस मार्कच्या आशेनं इकडेतिकडे विचारत फिरते की गोळा कुठे मिळतो, किती किलोचा घ्यायचा. तर हे दोन्ही प्रकारच्या लोकांसाठी आहे, आणि सगळ्यात मोठी गोष्ट आधीच सांगून टाकतो: गोळा हाताच्या जोरावर जात नाही, पायातून निघतो, हात फक्त शेवटी कामाला येतो. खाली जे काही सांगतोय ते सगळं फिरून याच्यावरच येतं.

पहिले गोळा

वजन वयावर आणि गटावर असतं. मोठ्या पुरुषांचा 7.26 किलो, महिलांचा 4 किलो, 20 वर्षांखालच्या मुलांचा 6, 18 खालच्या मुलांचा 5 आणि 18 खालच्या मुलींचा 3 किलो. 7.26 हा आकडा विचित्र वाटतो कारण मुळात तो 16 पौंड आहे, किलोत बदलला तसाच राहिला. शालेय स्पर्धेत वयोगट कधी 14, 17, 19 असे पाडतात, तिथे वजन त्या वर्षीच्या परिपत्रकात बघूनच घ्या, मित्राच्या सांगण्यावर नको. भरतीला पुरुषांना 7.26 आणि महिलांना 4 किलोच.

सीताबर्डीत किंवा कुठेही स्पोर्ट्सच्या दुकानात गेलात की दोन प्रकारचे गोळे दिसतील. एक ओतीव लोखंडाचा, वरून रंग मारलेला, स्वस्त. दुसरा लेथवर टर्निंग केलेला, गुळगुळीत, चकचकीत, थोडा महाग. सरावाला ओतीव चालतो, फक्त त्याच्यावर ओतकामाची शिवण राहिलेली असते का ते बोट फिरवून बघा, कारण ती शिवण दहा थ्रोनंतर मानेवर ओरखडे काढते आणि बोटंही सोलते. नियमात गोळा लोखंडाचा, पितळेचा किंवा पितळेपेक्षा मऊ नसलेल्या कुठल्याही धातूचा चालतो, नाहीतर धातूचं कवच आणि आत शिसं वगैरे भरलेलं. पण बाहेरून गुळगुळीत पाहिजे. रबराचं कवच असलेले गोळे इनडोअरसाठी असतात, घराच्या अंगणात फरशी फुटू नये म्हणून बरे.

गोळ्यावर 5 किलो छापलंय म्हणून तो 5 किलोचा असतोच असं नाही हं. दुकानातच इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा, काटा नसेल तर शेजारच्या किराणावाल्याकडे न्या, तो हसेल पण मोजून देईल. थोडा जास्त भरला तर चालतो, कमी भरला तर स्पर्धेत बाद. शिवाय वर्षभर दगडावर आपटून आणि गंजून गोळा झिजतो, कडेला खड्डे पडतात, त्यामुळे जुना गोळा स्पर्धेला नेण्याआधी परत काट्यावर घालाच.

वजनासोबत आकारही ठरलेला आहे. पुरुषांचा गोळा व्यासात 110 ते 130 मिलिमीटर, महिलांचा 95 ते 110, आणि 5 किलोचा 100 ते 120. हातात बसायच्या दृष्टीनं याचा फार फरक पडतो. सारख्याच वजनाचे दोन गोळे घ्या, एक लहान एक मोठा, लहान हाताच्या पोरीला लहानच घ्या. 3 किलोचा गोळा मोठ्या संत्र्याएवढाच असतो, बघून वाटतं काय एवढं, उचलल्यावर कळतं.

वापरून झाल्यावर फडक्यानं पुसा आणि तेलाचा हलका हात फिरवा, विशेषतः पावसाळ्यात. पुढच्या वेळी फेकायच्या आधी तेल पूर्ण पुसून काढा, तेलकट गोळा मानेवरून सटकतो.

बाकी सामान

बूट. इथे लोक पैसे नको तिथे घालवतात. जाड फोमच्या टाचेचे रनिंग शूज घालून गोळा टाकला की पायाचा जोर अर्धा त्या फोममध्येच मुरतो, आणि सर्कलमध्ये, म्हणजे ज्या गोल जागेत उभं राहून गोळा टाकतात तिथे, पाय वळायला पाहिजे तो खालच्या नक्षीमुळे अडकतो. थ्रोचे वेगळे बूट मिळतात, सपाट तळाचे, पण सुरुवातीला पातळ सपाट तळाचे कॅनव्हास शूज उत्तम. सिमेंटच्या सर्कलमध्ये स्पाइक घालू नका, घसराल.

चॉक म्हणजे मॅग्नेशियमची पांढरी पावडर, हाताला आणि मानेला लावायला चालते. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये घामानं मान इतकी ओली होते की पावडरशिवाय गोळा टिकतच नाही. बुटाला किंवा सर्कलमध्ये मात्र काही फासायचं नाही, ते नियमात बसत नाही. हातमोजे गोळ्यात चालत नाहीत. बोटांना टेप लावता येते पण दोन बोटं एकत्र बांधायची नाहीत. मनगटाला पट्टा आणि कमरेला वेट लिफ्टिंगचा बेल्ट चालतो, नवीन माणसाला दोन्हीची काही गरज नाही.

आणि एक पोतं. जुनं बारदान, सर्कलच्या बाहेर टाकून ठेवायचं आणि आत जाताना प्रत्येक वेळी बुटाचे तळ त्याच्यावर घासायचे. आपल्या इथली मैदानं मातीची, तळाला चार वाळूचे खडे चिकटले की सिमेंटवर पाय बर्फावर गेल्यासारखा जातो, आणि लोकांना वाटतं टेक्निक चुकली.

सर्कल कसं आखायचं

सगळ्यांना तयार सर्कल मिळत नाही. रविनगरला विद्यापीठाच्या मैदानावर किंवा मानकापूरला सोय आहे पण तुम्ही हिंगण्याला राहत असाल तर रोज कुठे जाता. मोकळी जागा, एक मोठा खिळा, सुतळी, मेजर टेप आणि फक्की एवढं असलं की वीस मिनिटांत होतं.

सर्कलचा आतला व्यास 2.135 मीटर, म्हणजे 7 फूट. खिळा मधोमध ठोका, सुतळी 106.75 सेंटीमीटरवर धरून फिरवा, माती खरवडून घ्या, वर फक्की. खऱ्या सर्कलला लोखंडी रिंग असते आणि आतला सिमेंटचा भाग रिंगच्या वरच्या कडेपेक्षा साधारण 2 सेंटीमीटर खाली असतो, म्हणजे पायाला कड लागते. मातीच्या सर्कलला ती नसते, म्हणून फक्कीवर पाय पडला की स्वतःहून फाऊल धरा, सवय लागते.

पुढच्या बाजूला स्टॉप बोर्ड लागतो, पांढरा, लाकडाचा, वर्तुळाच्या गोलाईत बसणारा, 10 सेंटीमीटर उंच. सुताराकडून करून घेता येतो. तोपर्यंत एक मजबूत फळी दोन खुंट्यांनी पक्की ठोका, पण हलणारी वीट वगैरे अजिबात ठेवू नका, डावा पाय त्याच्यावर जोरात येतो आणि घोटा जातो.

आता सेक्टर, म्हणजे गोळा पडायची जागा. त्याचा कोन 34.92 अंश, आणि हे ऐकून सगळे घाबरतात, कंपास शोधतात. कोन मोजायचाच नाही. सर्कलच्या मध्यबिंदूपासून एक सरळ रेषा 10 मीटर न्या, तिथे खूण. त्या खुणेपासून आडवी 6 मीटर टेप धरा आणि मध्यबिंदूपासून दुसरी टेप 10 मीटर, दोन्ही जिथे भेटतील तिथे दुसरी खूण. झाला सेक्टर. दहा, दहा आणि सहाचा त्रिकोण, बस. मध्यबिंदूपासून त्या दोन्ही खुणांमधून रेषा पुढे वाढवा आणि फक्की टाका. रेषेचा आतला काठ मोजायचा, रेषेवर पडलेला गोळा बाद.

सेक्टर कुठल्या दिशेला ठेवायचा याचा विचार आधी करा. सार्वजनिक मैदानावर मॉर्निंग वॉकवाले काका-काकू नाकासमोर चालत सरळ सेक्टरमधून जातात, कानात हेडफोन. क्रिकेटचा बॉल सेक्टरमध्ये आला की पोरं मागे न बघता धावत येतात. म्हणून सेक्टरचं तोंड भिंतीकडे किंवा झाडीकडे, आणि फेकायच्या आधी प्रत्येक वेळी मोठ्यानं ओरडायचं. एकजण टाकतोय तेव्हा बाकीचे त्याच्या मागे. गोळा परत देताना फेकून द्यायचा नाही, उचलून आणायचा किंवा जमिनीवरून घरंगळत सोडायचा, आणि घरंगळणारा गोळा पायानं अडवायचा नाही. चार किलोचं लोखंड पायाच्या बोटावर आलं की भरती त्या वर्षीपुरती संपली.

धरायचा कसा

गोळा तळहातात घ्यायचा नाही. मधल्या तीन बोटांच्या मुळाशी, जिथे बोटं हाताला जुळतात तिथल्या गादीवर तो टेकतो, अंगठा आणि करंगळी दोन बाजूंनी फक्त आधाराला. तळहात स्वच्छ राहिला पाहिजे, म्हणून पावडर लावून गोळा धरा, सोडा आणि हात बघा, तळहाताच्या मधोमध गोळ्याचा काळा डाग असेल तर धरणं चुकलं, बोटांच्या मुळाशी असेल तर बरोबर.

मग गोळा जबड्याखाली, मानेच्या खोबणीत दाबा. हनुवटी किंचित गोळ्याकडे, अंगठा खाली गळपट्टीच्या हाडाकडे, तळहात पुढे. आणि कोपर वर. हे कोपर म्हणजे सगळ्या दुखण्याचं मूळ आहे. कोपर खाली पडलं की गोळा मानेपासून सुटतो, खांद्याच्या मागे जातो, आणि माणूस क्रिकेटचा थ्रो मारल्यासारखं करतो. तसं केलं तर पहिली गोष्ट म्हणजे फाऊल, नियम सरळ आहे की गोळा एका हातानं, खांद्यापासून जायला पाहिजे, मानेला किंवा हनुवटीला लागून किंवा अगदी जवळ राहिला पाहिजे, हात त्या जागेच्या खाली येता कामा नये आणि गोळा खांद्याच्या रेषेमागे जाता कामा नये. दुसरी गोष्ट, 7.26 किलो तसं मागून फिरवलं की कोपर आणि खांदा दोन्ही बोंबलतात. भरतीला हा प्रकार दर बॅचला दिसतो, मजबूत दंडाचा पोट्टा येतो आणि खांदा धरून जातो.

स्टँडिंग थ्रो, सगळ्यात आधी हाच

पुढचं सगळं उजव्या हातानं फेकणाऱ्यासाठी लिहितो, डावखुऱ्यांनी उलटं करून घ्या.

सर्कलमध्ये डावा खांदा फेकायच्या दिशेला करून उभे राहा. पाय खांद्यापेक्षा थोडे जास्त रुंद, उजवा पाय सर्कलच्या मध्यावर, डावा स्टॉप बोर्डाजवळ. दोन्ही पाय एका रेषेत नको, उजव्याची टाच आणि डाव्याची बोटं साधारण एका रेषेत येतील इतका डावा पाय बाजूला, नाहीतर कंबर वळायला जागाच राहत नाही. आता उजवा गुडघा वाकवा, सगळं वजन उजव्या पायावर घ्या आणि धड मागे वळवा, छाती सर्कलच्या मागच्या बाजूला. वरून बघितलं तर हनुवटी, उजवा गुडघा आणि उजव्या पायाची बोटं एकावर एक यायला पाहिजेत. डावा हात सैल, मागे.

इथून सुरुवात पायानं. उजवी टाच बाहेर फिरवत पाय जमिनीत दाबा, त्यामुळे गुडघा वळतो, गुडघ्यामागे कंबर वळते, आणि या सगळ्या वेळात खांदे अजून मागेच असतात. हा जो ताण पोटात आणि बरगडीच्या बाजूला जाणवतो ना, तोच थ्रो आहे. कंबर समोर आली की छाती येते, डावा हात शरीराजवळ खेचून घ्या, डावा पाय सरळ आणि ताठ करा, म्हणजे डावी बाजू अडते आणि उजवी बाजू तिच्याभोवती पुढे येते. एकदम शेवटी हात, कोपर गोळ्याच्या मागून, आणि बोटांनी झटका, अंगठा खालच्या दिशेला.

बहुतेकांचं काय होतं, तर कंबर आणि खांदे एकाच वेळी वळतात. मग पाय कितीही दाबा, जोर वर पोचत नाही, हातालाच सगळं काम पडतं. हे ओळखायला मोबाईल बाजूला ठेवून स्लो मोशनमध्ये शूट करा आणि फक्त एकच फ्रेम बघा: कमरेचा पट्टा फेकायच्या दिशेला वळला तेव्हा छातीवरचा शर्ट कुठे बघतोय. अजून बाजूला बघत असेल तर तुम्ही बरोबर आहात. दोन्ही समोर असतील तर उद्या परत रिकाम्या हातानं.

रिकाम्या हातानं, हो. पहिले आठ-दहा दिवस निम्मा सराव गोळ्याशिवाय करा, आणि मग हलक्या गोळ्यानं. 7.26 टाकायचा असेल तर 5 नं शिका. जड गोळा शरीराला चुकीच्या सवयी लावतो, कारण तो कसातरी एकदा पुढे जावा एवढंच शरीर बघतं.

ग्लाईड

स्टँडिंग थ्रो बसला की मगच. 1950च्या दशकात अमेरिकेच्या पॅरी ओब्रायननं पाठ दिशेकडे करून सुरुवात करायची पद्धत गाजवली, ग्लाईड तीच. सर्कलच्या मागच्या कडेला उजवा पाय, पाठ फेकायच्या दिशेला, खाली वाका, डावा गुडघा उजव्याजवळ आणा, मग डावा पाय खालून, जमिनीला घासून गेल्यासारखा, स्टॉप बोर्डाकडे मारा आणि उजव्या पायानं मागे ढकला. उजवा पाय लगेच खाली ओढून सर्कलच्या मध्यावर ठेवा, ठेवताना बोटं थोडी डावीकडे वळलेली. म्हणजे तुम्ही परत स्टँडिंग थ्रोच्याच पोझिशनमध्ये आलात, फरक एवढाच की आता वेग आहे.

दोन गोष्टी बिघडतात. एक, माणूस वर उडी मारतो. डोक्याची उंची पूर्ण ग्लाईडभर जवळपास तीच राहायला पाहिजे, व्हिडिओत मागच्या भिंतीवरच्या एखाद्या खुणेशी जुळवून बघता येतं. दुसरं म्हणजे ग्लाईड झाल्यावर मध्ये थांबतो. उजवा पाय टेकला की डावा लगोलग टेकायला पाहिजे, मध्ये श्वास घेतलात तर मिळालेला वेग गेला, त्यापेक्षा स्टँडिंगच बरा. भरतीवाल्यांना तर मी सरळ सांगीन, महिनाच हातात असेल तर ग्लाईडच्या नादी लागू नका, अर्धवट ग्लाईडनं फाऊल वाढतात.

गोळा सुटल्यावर शरीर पुढे जातंच, तेव्हा उजवा पाय पुढे आणि डावा मागे असं पटकन बदलून स्टॉप बोर्डाच्या आत थांबायचं. याला रिव्हर्स म्हणतात. तो थ्रो सुटल्यावर होतो, आधी केला तर पायाखालची जमीनच गेली.

स्पिन म्हणजे थाळीफेकीसारखं फिरून टाकणं. सोव्हिएत युनियनच्या अलेक्झांडर बारिश्निकोव्हनं 1976 मध्ये त्याच पद्धतीनं 22 मीटर टाकला, आणि आजचा विश्वविक्रम, रायन क्राऊझरचा 2023चा 23.56 मीटर, तोही स्पिननंच. भारी दिसतं, रील बघून सगळ्यांना तेच करायचं असतं. कोच शेजारी उभा असल्याशिवाय करू नका.

अँगल की वेग

मैदानावर सगळ्यात जास्त सल्ला मिळतो तो अँगलचा, "भाऊ, 45 डिग्रीनं टाक". चुकीचा आहे. गोळा जमिनीवरून नाही, साधारण दोन मीटर उंचीवरून सुटतो, आणि वर ढकलताना वजनाच्या विरोधात जोर जातो, त्यामुळे चांगले थ्रोअर 35 ते 38 अंशांच्या आसपास टाकतात. आणि त्याहून मोठी गोष्ट वेगाची. गणित करून बघा: दोन मीटर उंचीवरून, 36 अंशांत, सेकंदाला 8 मीटर वेगानं सुटलेला गोळा सव्वाआठ मीटरच्या आसपास पडतो. वेग 9 केला की दहा मीटर. उलट वेग तोच ठेवून दहा सेंटीमीटर वरून सोडला तर मिळतात जेमतेम आठ सेंटीमीटर. म्हणून उंच पोरगाच चांगला टाकतो हे पूर्ण खरं नाही, ज्याचे पाय झटपट चालतात तो टाकतो.

त्यामुळे ताकदीचा सरावही तसाच ठेवा. स्क्वॉट, बैठका, जागेवरून लांब उडी, जिना चढताना उड्या. दंडही मारा, पण बायसेप्स फुगवून गोळ्यात काही मिळत नाही. मेडिसिन बॉल असेल तर गुडघ्यावर बसून छातीतून ढकला, आणि पाठमोरे उभे राहून दोन्ही हातांनी डोक्यावरून मागे फेका, पाय कसे वापरायचे ते या दुसऱ्या प्रकारात आपोआप कळतं. बॉल नसेल तर हलका गोळा घ्या, फक्त मागे कोणी नाही ते बघून. आठवड्यात तीन दिवस थ्रो, एका दिवशी वीस-पंचवीस पुरे, आणि रनिंगच्या आधी, नंतर नाही. दमलेल्या पायानं टाकलेला थ्रो म्हणजे चुकीचा सराव. बोटाचा सांधा किंवा मनगट दुखलं तर दोन-चार दिवस गोळा बंद, पायाचा सराव चालू.

उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आटपा. मे महिन्यात इथे पारा 45च्या आसपास जातो, आणि उन्हात पडलेला लोखंडी गोळा मानेला लावला की चटका बसतो, कातडी लाल होते. दोन थ्रोच्या मध्ये गोळा ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून सावलीत ठेवा आणि टाकायच्या आधी कोरडा पुसा.

माप आणि फाऊल

माप टाकायला तिघं लागतात. टेपचा शून्य गोळ्याच्या खड्ड्याच्या सर्कलकडच्या काठावर, खड्ड्याच्या मध्यावर नाही. टेप सर्कलच्या मध्यबिंदूवरून न्यायची, पण आकडा वाचायचा स्टॉप बोर्डाच्या आतल्या काठावर, म्हणजे वर्तुळाच्या आतल्या कडेला. सेंटीमीटरच्या मध्ये आलं तर खालचा आकडा धरायचा, 8 मीटर 49.7 असेल तर ते 8.49. सराव करताना बरेच जण बोर्डाच्या बाहेरच्या कडेपासून पावलांनी मोजतात आणि स्वतःला फसवतात.

सर्कलमध्ये जाताना कुठूनही जा, बाहेर येताना मागच्या अर्ध्या भागातूनच. सर्कलच्या दोन्ही बाजूंना 75 सेंटीमीटरच्या पांढऱ्या रेषा असतात त्या याच्यासाठी. गोळा जमिनीवर पडायच्या आधी बाहेर निघालात तर फाऊल, आनंदाच्या भरात पुढून उतरलात तरी फाऊल, आणि हे दुसरं मी चांगल्या चांगल्यांचं होताना बघितलं आहे. स्टॉप बोर्डाच्या आतल्या बाजूला पाय लागला तर चालतो, वर लागला तर नाही. सुरुवात करून गडबड वाटली आणि अजून फाऊल झाला नसेल, तर थांबून, गोळा खाली ठेवून, वेळेच्या आत परत सुरू करता येतं, हे कोणी सांगतच नाही पोरांना.

स्पर्धेत आठपेक्षा जास्त जण असतील तर साधारण तीन थ्रो सगळ्यांना, आणि पहिल्या आठ जणांना आणखी तीन. शालेय किंवा खासदार क्रीडा महोत्सवासारख्या गर्दीच्या स्पर्धेत कमी देऊ शकतात, आधी विचारून घ्या.

कोणाकडे बघून शिकायचं म्हणाल तर तजिंदरपाल सिंग तूर, 2023 मध्ये भुवनेश्वरला 21.77 मीटर, आणि 2018 व 2023 अशा दोन एशियाडची सोनं. आपल्या महाराष्ट्राचा म्हणाल तर सांगली जिल्ह्यातला सचिन खिलारी, पॅरिस पॅरालिम्पिक 2024 मध्ये एफ46, म्हणजे हाताचं अपंगत्व असलेल्यांच्या गटात 16.32 मीटर टाकून रौप्य. दोघांचेही व्हिडिओ हळू करून फक्त कमरेखालचा भाग बघा, गोळा कुठे गेला ते बघू नका.

स्पर्धेच्या दिवशी स्वतःचा गोळा नेणार असाल तर तो आधी अधिकाऱ्यांकडे वजनाला द्यावा लागतो, आणि पास झाला की बाकीचे खेळाडूही तो वापरू शकतात, तेव्हा भांडू नका. नवीन मैदानावर पहिल्यांदा सर्कलमध्ये उतरून बुटानं घासून बघा, काही ठिकाणी सिमेंट इतकं गुळगुळीत असतं की ग्लाईड लांब जातो आणि पाय बोर्डावर चढतो, काही ठिकाणी इतकं खरखरीत की पाय मध्येच अडतो, त्याप्रमाणे सुरुवातीची जागा थोडी पुढेमागे घ्या. ग्लाईड येत असला तरी पहिला थ्रो स्टँडिंगच टाका, आरामात, एक माप कागदावर येऊ द्या, मग पुढच्या दोनमध्ये जोर लावा. आणि दोघांचं सर्वोत्तम माप सारखं आलं तर प्रत्येकाचा दुसऱ्या नंबरचा थ्रो बघतात, म्हणून पहिलाच भारी पडला तरी बाकीचे थ्रो हसण्यावारी घालवू नका.